आवळू की सैल सोडू?

मित्रांनो, मी एक जठर आहे. गदगच्या गौरव्वाचं. आज ती पोरगी कडक ज्वारीची भाकरी अन् भरली वांगी चापते आणि पोट दुखलं तरच माझी आठवण काढते! पण एके काळी अख्खं घर माझ्याकडे डोळे लावून बसलं होतं.

गौरव्वा दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली. घाई तिला, पंचाईत माझी! माझ्या भिंतीत स्नायू होते, त्यांना हुकूम देणाऱ्या नसाही होत्या, पण त्यांचा मेळ कुठे बसला होता? एक म्हणायची आवळ, दुसरी म्हणायची सैल सोड. मी आवळलं की पुढच्या आतड्यानं वाट द्यावी ना? तेही आखडून बसायचं. हे शिकायचे दिवस आईच्या पोटातले, तेच हुकले. नुसती तगमग!

दवाखान्यातल्या ललिता सिस्टर नाकातून घातलेल्या नळीनं माझ्यात आईचं थोडंसं दूध सोडायच्या आणि पुढच्या वेळी किती उरलंय ते ओढून बघायच्या. दूध तसंच्या तसं. गौरव्वाची आई शांतव्वा तोंड फिरवून रडायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शांतव्वाची आई नीलव्वा, म्हणजे आमची अज्जी, नातीला ऊब मिळावी म्हणून उघड्या छातीशी धरून बसायची. तिच्या घरात प्रत्येक बाळाला भाजलेलं वेखंड उगाळून चाटवायची रीत. एका दुपारी सिस्टरांची पाठ वळली अन् अज्जीनं वेखंडाचं बोट पोरीच्या जिभेवर फिरवलं.

अगं आई गं! काय तो उग्रपणा! मी गच्च आवळलं, पुढची वाट बंद, सगळं उलटं वर आलं. पोरीचा श्वास अडकला, ती निळी पडली.

सिस्टर धावल्या. घसा साफ केला, पाठ चोळली. पोरगी रडली तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"काय दिलंत, अज्जी?"

"वेखंड गं. तुलाही दिलं असेल की तुझ्या अज्जीनं!"

"दिलंही असेल. माझे दिवस भरले होते. हिच्या पोटाला अजून दूध पुढे ढकलता येत नाही!"

अज्जीनं ते बोट पदराला खसाखसा पुसलं. "मीच मारत होते गं माझ्या लेकराला." त्यानंतर ती पोरीला हातही लावेना. शेवटी शांतव्वाच म्हणाली, "अव्वा, घे तिला. तुझ्याजवळ ती शांत असते. फक्त आता नुसती धर."

अज्जीनं नुसतं धरलं. दूध थेंबाथेंबानं वाढलं. माझ्या नसा हळूहळू एकमेकींचं ऐकू लागल्या. मग एका सकाळी सिस्टरांनी नळीतून ओढून बघितलं, तर काहीच आलं नाही.

"अय्यो, दूध कुठं गेलं?" अज्जी घाबरली.

"जिथं जायला हवं तिथं, अज्जी!"

आणि मला आत काहीतरी नवंच ओढू लागलं. रिकामं, चैन न पडू देणारं. गौरव्वानं जो टाहो फोडला!

"भुकेजली गं माझी बाय!" अज्जी रडता रडता हसत सुटली. "शांते, ऊठ, घे पदराखाली!"

मित्रांनो, घरात तान्हं बाळ आलं की त्याला काहीबाही चाटवायला कुणाचं तरी मायेचं बोट पुढे येईल. रागावू नका, ते बोट हळूच धरा. आम्हा तान्ह्या पोटांचं शिकणं अजून चालू असतं.