माधवरावांचं बैरंग पाकीट

तुंगार्लीची ओल तुम्हाला ठाऊक नसेल. श्रावणात इथं मीठ बरणीतून ओतावं लागतं, आणि आमच्या सोफ्यावर एकदा अळंबी उगवली ती आम्ही दोन जेवणं खाल्ली. असल्या हवेत शेजारच्या माधवरावांनी पोस्टाची तिकिटं जपली होती. देहूरोडच्या डेपोत नोकरीला असताना दर पगाराला ते चार आण्यांच्या तिकिटांचा एक ताव आणत. तिकिटावर अंड्यातून डोकं काढणारं पिलू. डिंक चिकटू नये म्हणून तावांवर अंगाला लावायची पावडर शिंपडत. शेवटच्या आजारात बायकोला म्हणाले, "अरुंधती, ही तिकिटं संपल्याशिवाय मी काही जायचा नाही." आणि आठवड्यात गेले.

निदान आम्हाला तसं वाटलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर अरुंधतीबाईंनी ट्रंक उघडली. कोरी असली तर जुनी तिकिटंही चालतात, असं पोस्टमन केरबानं सांगितलं होतं. बाई नातेवाइकांना पत्रं लिहू लागल्या. पाच रुपये भरायला पाकीटभर पिलं चिकटवावी लागत. पत्ता कोपऱ्यात अंग चोरून बसे.

एका दुपारी मी समोर बसलो होतो. बाईंनी बोलता बोलता लावलेली तिकिटं वाकडी लागली. पाकीट टेबलावर ठेवून त्या चहा आणायला गेल्या. परत आल्या तर पिलांची रांग फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. खोलीत पावडरीचा वास.

"तुम्ही केलीत?"

"मी माझा चष्मा सरळ करत नाही, वहिनी."

"ह्यांना वाकडं खपत नसे," त्या म्हणाल्या. चहा तसाच निवला.

त्यानंतर बाई मुद्दाम वाकडी लावायच्या. मग पाठ करून खिडकीशी बसायच्या. मागे ओला कागद सुटल्याचा बारीक आवाज यायचा. तो मी ऐकलाय. ऐकल्यावर घरी जायला मला सोबत लागली, आणि माझं घर भिंतीपलीकडं आहे.

पण ताव संपत आले. शेवटी उरली ती एका पत्रालाही पुरेनात.

"मावशी, कमी पडत्यात तेवढ्याचं नवं तिकीट लावा की," केरबा म्हणाला.

"नको. कमी तिकिटं लावली तर काय होतं?"

"बैरंग व्हतंय. ज्याच्या नावाचं पत्र, त्यानं दुप्पट भरायचं. न्हाई भरलं तर पत्र हातात द्यायचं न्हाई."

"म्हणजे ते पोचलं, तिकिटं संपली, असं होत नाही."

"न्हाई व्हत."

बाईंनी पाकिटावर माधवरावांचं नाव घातलं, पत्ता त्याच घराचा. उरलेली पिलं उलटी चिकटवली आणि स्वतः पेटीत टाकून आल्या.

दोन दिवसांनी केरबा दारात. "मावशी, बैरंग हाय."

"नाव माझं आहे का?"

"भाऊंचं हाय."

"मग त्यांच्याकडून घ्या."

केरबानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. एवढ्यात आतल्या खोलीत खणखणलं, आणि पडद्याखालून चार आण्यांची नाणी घरंगळत आली. एकामागून एक, सगळी पावडरीनं पांढरी. केरबाच्या वहाणेशी येऊन थांबली.

केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस सरकारी. वाकून एक उचललं, पँटीला पुसलं आणि पडद्याकडं बघत म्हणाला, "भाऊ, चार आणं बंद झाल्यात. तिकीट जुनं चालतंय, नाणं न्हाई चालत."

आत कुणीतरी खिसे चाचपल्यासारखं झालं.

"जाऊ द्या, मी माज्याकडनं भरतो," केरबानं खिशात हात घातला. "मोकळं व्हतील बिचारं."

बाईंनी त्याचं मनगट धरलं. "केरबा, तुम्ही भरायचं नाही." आवाज अगदी हळू होता. केरबानं हात रिकामाच बाहेर काढला.

नियमानं ते पत्र आता पाठवणाऱ्याकडं जायला हवं. पाठवणारीचाही पत्ता तोच. म्हणून केरबा रोज येतो, रोज नाणी घरंगळतात, रोज तो अदबीनं म्हणतो, "भाऊ, हे न्हाई चालत."

"मग उद्या बघा," बाई म्हणतात आणि दोन कप चहा टाकतात. केरबा चहाला थांबत नाही, मीही हल्ली दारातूनच निघतो, तेव्हा दुसरा कप आमचा नव्हे.

ते पत्र रात्री केरबाच्या पिशवीतच असतं; ती पिशवी मात्र भर मे महिन्यात ओली लागते. आणि सकाळी बघावं तर तिच्यातल्या साऱ्या गावाच्या पत्रांवरची तिकिटं सरळ झालेली असतात.