निळ्या उजेडातली बाहुली

आमच्या ह्यांची दृष्टी जाऊन नऊ वर्षं झाली. डोळ्यांचा पडदाच सुकत गेला, असं डॉक्टर म्हणाले. मी मात्र हट्टाला पेटले. इंदूर झालं, चेन्नई झालं, रामघाटावरच्या गुरुजींनी सांगितलेली ग्रहशांतही झाली. हे एकदाही नाही म्हणाले नाहीत, आणि मला वाटायचं, त्यांनाही आशा आहे.

मृणाल माझ्या दिरांची मुलगी. उजेडाचा शरीरावर काय परिणाम होतो, यावर तिचं संशोधन चालू आहे. आमच्याच शहरात, फ्रीगंजमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. तिथे डोळ्यांवर व्हीआर हेडसेट बांधतात, आत रंगीत उजेड सोडतात, आणि आतलाच बारका कॅमेरा डोळ्याची बाहुली किती लहानमोठी होते ते कॉम्प्युटरवर दाखवतो. तिला काही अंध माणसंही हवी होती. मी लगेच ह्यांचं नाव दिलं.

संमतीचा कागद मीच ह्यांना वाचून दाखवला. "यातून दृष्टी सुधारणार नाही" ही ओळ तेवढी गाळली. खोटं कुठे बोलले, फक्त वाचलं नाही, अशी मनाची समजूत घातली.

लाल उजेडाने काहीच झालं नाही. मग आता निळा, असं म्हणत मृणालने तो सोडला, आणि कॉम्प्युटरवर ह्यांची बाहुली हळूहळू आकसत गेली. मी किंचाळलेच. "अहो, हलली! तुमची बाहुली हलली!"

"काकू, पहले ऐक तर माझं," मृणाल म्हणाली. "बघायच्या पेशी गेल्यात. काही वेगळ्या पेशी उरल्यात, त्या शरीराला फक्त दिवस-रात्र कळवतात. बाहुली त्यांच्यामुळे हलली. काकांना यानं दिसत नाही, पुढेही दिसणार नाही."

"चूप बस! हलते म्हणजे दिसतंच. कालची पोर तू, मला शिकवते!"

तिने पुढची फेरी सुरू केली. थोड्या वेळाने हे हसून म्हणाले, "अलका, दिसलं गं. निळं निळं. सच्ची!"

माझा ऊर भरून आला. आता बोल, म्हणून मी मृणालकडे वळले, तर तिने मान खाली घातलेली. कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, उजेड बंद. पडताळणीसाठी मधूनच एखादी फेरी नुसत्या अंधाराची असते, हे तिने सुरुवातीलाच मला सांगितलं होतं. बाहुली मोठीच होती, जराही हलली नव्हती.

हे माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून हसत होते. मी खूश झाले की नाही, याची वाट बघत होते. इतकी वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या हे कोणासाठी चढले, ते मला तेव्हा कळलं. माझीच मला लाज वाटली.

मी त्यांचा हात धरला. "अहो, आत्ता उजेड नव्हताच. अंधार होता."

त्यांचं हसू गेलं. मग म्हणाले, "म्हणजे आता कुठे न्यायची नाहीस ना मला?"

"नाही. कुठेच नाही."

"बरं झालं. फार थकलो गं मी."

मृणालने हेडसेट सोडवला. आतला स्पंज ओला झाला होता. हे रडत होते, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना "रडू नका, सगळं ठीक होईल" असं म्हटलं नाही.