चष्म्याविना दिसणारे मोती

मासळी साठवायच्या त्या जुन्या शीतगृहाला एकही खिडकी नव्हती. चीलुंग बंदराच्या धक्क्यावरच्या या इमारतीत आता चिंग-ग्वांग शिफूंचा, म्हणजे गुरुजींचा, मठ होता, आणि भरदुपारी आत मुंगी शिरायला जागा नव्हती. शिफूंनी चष्मे काढायला सांगितले तशी म्हाताऱ्याकोताऱ्यांची धांदल उडाली. दिवे गेले. वेदीमागे ताणलेल्या पांढऱ्या कापडावर हिरवा उजेड पसरला आणि त्यात लाखो कण लुकलुकू लागले.

"हे करुणेची देवी ग्वानयिनमातेच्या कलशातले मोती," शिफू मधात घोळलेल्या आवाजात म्हणाले. "ज्याला चष्म्याविना स्वच्छ दिसतात, त्याच्या डोळ्यांत माता उतरली. डॉक्टर काय, डोळे मोजतो. माता डोळे देते."

आणि दिसत होते, हीच तर पंचाईत होती. ज्यांना चष्म्याशिवाय वाडग्यातला भात कुठला नि मासा कुठला ते कळत नसे, त्यांनाही एकेक कण रेखीव दिसत होता. नुसतं चित्र दाखवलं असतं तर कोणी भुललं नसतं. चित्रं हल्ली दुकानांच्या भिंतींवरही हलतात. हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं, आणि स्वतःच्या डोळ्यांवर माणूस सहसा शंका घेत नाही.

सगळ्यांत मागे उभी असलेली शियाव पेइ-यिंग मोत्यांकडे नाही, बापाच्या मुठीकडे बघत होती. तिचे बाबा थ्येन-फू जन्मभर मासेमारी बोटीवर तांडेल होते. आता डोळ्यांत काचबिंदू. रोज थेंब घालायचे, शुक्रवारी शस्त्रक्रिया, आणि जी नजर जाईल ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शेजारच्या श्यू-मावशी त्यांना इथे घेऊन आल्या आणि महिनाभर थेंब बंद झाले. सकाळी पेइ-यिंग भांडली, रडली. बाबा एवढंच म्हणाले, "आधी ये, बघ. मग बोल."

शिफूंचा चेला पितळी परात फिरवत होता. लोक चष्मे आणि औषधाच्या बाटल्या तिच्यात टाकत होते. संध्याकाळी ते सगळं समुद्रात जाणार होतं. बाबांच्या मुठीत त्यांची बाटली होती. ती एकदा परातीत पडली की रुग्णालयाला नकार कळवायचा, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

पेइ-यिंगने स्वतःचा जाड चष्मा काढला. माणसं, वेदी, शिफू, सगळं धूसर झालं. कण मात्र लख्ख. क्षणभर तिच्याही अंगावर काटा आला. मग तिला ते ओळखीचे वाटले, आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

ती खलाशांच्या प्रशिक्षण केंद्रात काम करायची. तिथे जहाजाच्या सुकाणूघराची हुबेहूब खोली होती आणि भोवती प्रचंड गोलाकार पडदा. ताकदवान लेझर प्रोजेक्टर त्यावर समुद्र, वादळं, बंदराचे दिवे उभे करायचे. या कणांनी मात्र तिचा जीव खाल्ला होता. उजेडावर ते असे बुजबुजत की शिकाऊ खलाशांना लांबचा दिवा दिसत नसे. शेवटी पडद्यामागे बारीक मोटारी बसवून तो सतत, डोळ्याला कळणार नाही इतका थरथरता ठेवावा लागला, तेव्हा कुठे कण गेले. तिच्या लेखी जी घाण होती, ती हा माणूस मोती म्हणून खपवत होता.

परात बाबांपाशी पोहोचली. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, मी बघितलं. आता बोलू?"

चेले तिला मागे ढकलायला धावले. बाबांनी हात वर केला. त्यांनी शब्द दिला होता.

तिने एकच मागणी केली: ते कापड कोणीतरी हलवावं. शिफू गरजले की अश्रद्ध हात लागला तर माता कोपेल.

"म्हणूनच माझा हात नको," ती म्हणाली. "श्यू-मावशींचा चालेल ना? त्यांच्याएवढी भक्ती इथे कोणाची आहे?"

शिफूंना नाही म्हणता येईना. मावशी चांगल्याच घाबरल्या होत्या. त्यांनी मातेची क्षमा मागितली, कापडाचं टोक धरलं आणि जोरजोरात हलवलं. मोती नाहीसे झाले. उरला सपाट हिरवा उजेड. मावशी थांबल्या, मोती परत आले. पुन्हा हलवलं, पुन्हा गेले. मावशी सुन्न होऊन आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

"माता हलत्या जागी थांबत नाही," शिफू घाईघाईने म्हणाले.

समोरची सगळी गर्दी मच्छीमारांची होती. मग थ्येन-फू बोलले. "काय सांगता? मग आयुष्यभर बोटीवर आम्हाला सांभाळलं कोणी?"

पेइ-यिंगने वेदीखालचा झगमगीत पडदा ओढला. आत प्रोजेक्टर घुमत होता, कुठल्याशा केंद्राने भंगारात काढलेला. तिने सगळ्यांना समजावलं. लेझरच्या लाटा एका तालात येतात. कापडाच्या खडबडीत धाग्यांवरून परतताना कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे पुसून टाकतात. त्यातून होणारी दाणेदार नक्षी थेट डोळ्याच्या पडद्यावरच उमटते. म्हणून चष्मा असो वा नसो, नजर अधू असो वा धड, ती रेखीवच दिसणार. तिच्यावरून डोळा बरा झाला की नाही, काहीच कळत नाही.

थ्येन-फूंनी बाटली त्या हिरव्या उजेडात धरली आणि डोळे ताणून बघितलं. बराच वेळ.

"दाणे दिसतात," ते म्हणाले. "बाटलीवरचं नाव वाचता येत नाही."

लोक परातीवर तुटून पडले, आपापला चष्मा शोधायला. त्या गडबडीत शिफू मागच्या दाराने निसटायला बघत होते. पण दारात बोटीवरची दणकट पोरं उभी होती.

शस्त्रक्रिया शुक्रवारी झाली. उरलेली नजर वाचेल, डॉक्टर म्हणाले. महिनाभरात गेलेली मात्र गेली. थ्येन-फूंना आता पायाखालची पायरी दिसत नाही, ती पायाने चाचपावी लागते. धक्क्यावर कोणी नव्या चमत्काराची गोष्ट काढली की ते जवळ जाऊन बसतात.

"समुद्रात एक दिवा दिसला म्हणून आपण बोट वळवतो का रे? दुसरी खूण सापडेपर्यंत थांबतो. मला मोती दिसले होते, ते खोटं नव्हतं. पण ते का दिसले, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारा. देव रागावत नाही."