मिदहतने सी ड्राइव्ह वाढवला

शिसारी! माझ्या दिरासाठी दुसरा शब्दच नाही. मिदहत त्याचं नाव. आमच्या अख्ख्या बाकोस मोहल्ल्याला कॉम्प्युटरचं शहाणपण शिकवत फिरतो.

मी मेंदीच्या रात्रीचे फोटो काढते. तिथे फक्त बायका असतात. हिजाब बाजूला, केस मोकळे, कमरेला ओढण्या बांधून नाचतात. प्रत्येक नवरीच्या आईला मी शब्द देते, की हे फोटो कुठल्याही परक्या पुरुषाला दिसणार नाहीत. म्हणून ते मी डिस्कच्या वेगळ्या भागात ठेवायचे. त्या भागाला मुद्दाम सी, डी असं कुठलंच अक्षर दिलेलं नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर कोणी कितीही धुंडाळलं तरी तो दिसायचा नाही.

डिस्क भरली. असले फोटो घेऊन दुकानात जायची सोय नाही. नवरा म्हणाला, "घरचा माणूस असताना बाहेर कशाला?" मिदहतने मोठी डिस्क आणली, जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं. तरी सी ड्राइव्ह भरलेलाच! नवी जागा पार शेवटी, आणि मध्ये माझा तो लपवलेला भाग.

"मधला भाग आधी मागे सरकव, मग सी वाढव," मी बजावलं. "पुसू नकोस."

"वहिनी, मला शिकवता?"

सरकवायला वेळ लागतो, आणि साहेबांना कॅफेत मॅच बघायची होती. शुक्रवारी दुपारी बघते तर सी ऐसपैस पसरलेला, माझा भाग गायब.

"पुसला," चहात साखर ढवळत तो म्हणाला. "नाव नाही, गाव नाही. म्हटलं, कचरा असेल."

"मेल्या, बजावलं होतं ना तुला?" रीहाम या नवरीचे फोटो अजून तिच्या आईला द्यायचे होते. मग आठवलं, जुनी डिस्क आहे की! तिच्यावर सगळं असणार. जरा जिवात जीव आला. "जुनी डिस्क दे."

"ती सकाळी बाजारात विकली."

"पुसून?"

"पुसायची काय गरज? भंगारवाल्याने स्वतःच्या लॅपटॉपला लावली, तिथे तुमच्या त्या भागाला आपोआप अक्षर मिळालं, फोटो धडाधड उघडले. चालू आहे म्हणून खूश झाला तो." मग छातीवर हात ठेवून म्हणतो कसा, "पण बायका दिसल्या तशी मी नजर खाली घातली हं, वहिनी. अल्लाची शपथ!"

"आणि तो?"

"तो बघत होता."

"तरी विकलीस?"

"सौदा झाला होता. मागे कसा फिरणार?"

मी चप्पल पायात घातली. "ऊठ. चल रीहामच्या आईकडे. हे सगळं तुझ्या तोंडाने सांग तिला."

मिदहत दचकून मागे सरकला.

"काहीतरीच काय, वहिनी! त्यांच्या घरी बायका असतील. मी कसा येऊ?"