एकशे बारा आणि एकशे तेरा

सिस्टरना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. त्यांनी कादंबरी लिहिलीय हेही गल्लीला ठाऊक होतं, पण वाचतंय कोण? अकरा वर्षं ड्युटी सांभाळून लिहिलेली, एका वॉर्डाची कादंबरी. तीनशे प्रती कशाबशा खपल्या, बाकीच्या प्रकाशकाच्या माळ्यावर धूळ खात पडल्या.

आणि परवा भाचीने फोन पुढे धरला. "मावशी, तुझं पुस्तक कुणीतरी नेटवर टाकलंय. फुकट. नऊ हजार लोकांनी उतरवून घेतलंय."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधीच चोरी, त्यात पानापानाचे फोटो काढलेले, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात चोराचा अंगठा. "मेल्याला नखं कापायचीही शुद्ध नाही," त्या म्हणाल्या. पण नऊ हजार हा आकडा काही केल्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना नऊ हजार, कपडे वाळत घालताना नऊ हजार. खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्या होत होत्या, आणि त्याचीच लाजही वाटत होती.

भाचीने प्रकाशकाला कळवलं, तसा त्याने लगेच तक्रारीचा कागद पाठवला. फोनवर म्हणाला, "ताई, उद्या सही करून द्या. ती प्रत नेटवरून काढली गेली, की दुसरी आवृत्ती काढतो. फुकट मिळतंय तोवर विकत कोण घेणार?"

दुसरी आवृत्ती म्हणजे सिस्टरचा जीव की प्राण. त्यांनी पेन उघडलं. सही करण्याआधी म्हटलं, बघू तरी, लोक खाली काय लिहितायत.

लोक भांडत होते. चोराने घाईत दोन पानं एकदम उलटली होती, त्यामुळे एकशे अकरावरून गाडी थेट एकशे चौदावर. आणि कादंबरीत नेमकं तिथेच चुकीचं इंजेक्शन कुणामुळे दिलं गेलं ते उघड होतं, सगळ्या नर्सांची प्रमुख मेट्रन डॉक्टरांसमोर उभी राहते. एका शहाण्याने तर गाळलेली पानं स्वतःच्या मनाने लिहून टाकली होती. त्यात मेट्रन डॉक्टरांचे पाय धरून रडत होती. दोनशे जणांनी त्याला वाहवा दिली होती. एकच बाई अडून बसली होती, 'ही मेट्रन रडणारी नाही.'

"रडते?" सिस्टर ताडकन उठल्या. "माझी मेट्रन?"

"अगं, लोकांचं काय मनावर घेतेस," नवरा पेपरामागून म्हणाला.

पण चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला हे कसं चालावं? चार्टवर एक रकाना जरी रिकामा असला, तरी ड्युटी सोडायची नाही, हा त्यांचा नेम. एका पेशंटचा ताप लिहायचा राहिला म्हणून सख्ख्या बहिणीच्या लग्नाची बस त्यांनी सोडली होती. आणि इथे नऊ हजार माणसं दोन पानांवाचून खोळंबलेली.

भाचीने समजावून पाहिलं. "मावशी, पानं तूच दिलीस तर तक्रारीत काय दम उरेल? आवृत्ती जाईल."

"जाईल," सिस्टर म्हणाल्या. उघडलेलं पेन त्यांनी बंद केलं.

दुपारभर एका बोटाने त्यांनी दोन्ही पानं टाइप केली. मेट्रन एक शब्द न बोलता चार्ट डॉक्टरांपुढे ठेवते आणि त्यांच्याच सहीवर बोट टेकवते, तो सगळा प्रसंग जसाच्या तसा. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि भाचीला म्हणाल्या, "टाक तिथेच, त्या भांडणाखाली."

तासाभरात प्रकाशकाचा फोन. "ताई, चोराला तुम्हीच शिडी लावलीत. आता तक्रार कोणत्या तोंडाने करू? आवृत्ती विसरा."

"विसरले," म्हणून सिस्टरनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसल्या. मेट्रन रडत नसेल, पण सिस्टरना रडू आलं. वाईट वाटायचं ते वाटलंच.

नवऱ्याने पेपर बाजूला टाकला आणि भाचीकडून फोन घेतला. त्या अडून बसलेल्या बाईने नुकतंच लिहिलं होतं. चष्मा सारखा करून तो मोठ्याने वाचू लागला, "मीही तीस वर्षं नर्स होते. आम्ही कशा उभ्या राहतो, ते आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत."

सिस्टरनी ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्याने आपणहून वाचलं, आणि आवाज असा चढवला की समोरच्या घरातल्यांनी खिडकी उघडली.