तोरित्सेनं हाक का मारली नाही

मी वॉकीटॉकी बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं पोचवलं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, आणि तेही बॅटरी काढून घेतल्यावर.

माझा जन्म साध्या रेडिओसारखा झाला नाही. कारखान्यात मला घडवलं आणि लगेच आमच्यातल्या काही भावंडांना स्फोटक वायूनं भरलेल्या पेटीत कोंडलं. आत ठिणगी पडते का, ते पाहायचं होतं. पडली नाही. मग आम्हा सगळ्यांच्या पाठीवर हिरवी पट्टी चिकटवली. तिचा अर्थ असा, की पेट्रोलच्या वाफेतही आमचं बटण बिनघोर दाबावं. मला त्या पट्टीचा फार अभिमान होता.

मी आलो वारी नावाच्या शहरात, नदीकाठच्या पेट्रोलच्या डेपोत. तिथं फाटकावरच सगळ्यांचे मोबाइल काढून घेत. आत फिरायचे ते फक्त आम्ही, हिरव्या पट्टीवाले.

मला तोरित्सेच्या छातीवर अडकवलं. टँकरमध्ये पेट्रोल भरायचं काम त्याचं. आडदांड, गाणारा, जेवणावर जीव असलेला माणूस. फाटकावरच्या खोलीत वेयिनमी बसायची. कोणता टँकर आत घ्यायचा, कोणता थांबवायचा, हे ती तिच्या सेटवरून सांगायची. दोघं एकाच गल्लीत वाढलेली, त्यामुळे कामाच्या बोलण्यात इतर बोलणंच जास्त.

"तोरित्से, निळा टँकर सोडलाय. आणि गाणं बंद कर, ड्रायव्हर पळून जातील."

"पळतील कुठं? बाहेर तू बसलीयस ना, तुला बघून परत आत येतील!"

"बटणावरचा हात काढ. तुझ्या मिरचीच्या रश्श्याचा वास इथवर येतोय."

माणसांची गंमत वाटते मला. भांडण असो नाहीतर माया, बटण दाबलं की आधी जरा खाकरतात.

अशी काही वर्षं गेली. मग माझी बॅटरी थकली. दुपारपर्यंतच माझा आवाज बसू लागला. कोठारात माझ्या जातीची बॅटरी नव्हती. डेपोचे साहेब होते अक्पोबोमे; सगळे त्यांना ओगा, म्हणजे मालक, म्हणत. वाईट नव्हते, पण घाईचे. त्यांनी लागोसच्या कचेरीला कळवलं, चार वेळा आठवण केली आणि शेवटी मला बाजारात पाठवलं.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं माझे स्क्रू काढले. आतलं जे कधी उघडायचं नसतं ते उघडलं, एक तार बदलली, भलतीच बॅटरी बसवली. माझी पट्टी जुन्या बॅटरीच्या पाठीवर होती, ती गेली; हिच्यावर कुठली असणार? मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण बाहेर आला तो फक्त त्याचा आवाज: "हॅलो, हॅलो, मस्त!"

खरंच मस्त. माझा आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला होता. सगळे खूश झाले. मी आता कधी ठिणगी टाकेन याचा नेम नव्हता, आणि माझं कौतुक चाललं होतं.

फक्त वेयिनमीनं मला उलटं करून पाहिलं. ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"ओगा, याची पट्टी कुठंय?"

"बोलतोय ना तो? मग झालं."

"बोलतोय म्हणूनच भीती वाटतेय."

"वेयिनमी, नवे सेट बोटीवर चढलेत. येतीलच. तोवर काय टँकर उभे ठेवू? बाहेर रांग बघ."

तिनं तोरित्सेला बजावलं, "मोकळ्या वाऱ्यात वापर. पण हा घेऊन खाली पंपाच्या खड्ड्यात उतरलास, तर तुझ्या बायकोच्या आधी मी तुला मारीन."

"बरं, माझे आई," तो हसला.

नवे सेट यायच्या आधीच तो दिवस आला. सकाळ होती. टँकरांची रांग पार रस्त्यापर्यंत. फाटकाबाहेर बायका चवळीचे वडे तळत होत्या, चुली धगधगत होत्या. एवढ्यात पंपाच्या खड्ड्यातला नळाचा सांधा सुटला. पेट्रोल भळाभळा वाहू लागलं. ते बंद करायची झडप खाली, खड्ड्यात. तोरित्से पायऱ्या उतरून धावला. मी छातीवर आहे हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

पेट्रोलची वाफ जड, ती खालीच साचते. त्यानं झडपेचं चाक फिरवलं. घट्ट होतं. पुन्हा जोर केला. धार बारीक झाली, थांबली. तेवढ्यात वाफेनं त्याला घेरी आली आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. पायऱ्या समोरच होत्या, पण त्याला उठता येईना.

त्याचा हात माझ्याकडे आला. अंगठा बटणावर टेकला. एवढं दाबलं असतं, की वेयिनमी धावत आली असती. किंवा तो, ती, रांगेतले ड्रायव्हर, वडे तळणाऱ्या बायका, कुणीच उरलं नसतं. दोन्हींतलं काय झालं असतं, ते मलाही माहीत नव्हतं. माझ्याच पोटात काय दडलंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि मला स्वतःला बंदही करता येत नव्हतं.

 मग त्यानं अंगठा उचलला. हाताची मूठ केली आणि पोटाशी धरली, जणू चुकूनही तो हात माझ्याकडे जाऊ नये.

वर वेयिनमीला तो टँकर भरायच्या चबुतऱ्यावर दिसला नाही. तिनं सेट तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला, कारण हाक मारली की तो बटण दाबून उत्तर देणार, आणि तो खड्ड्यात असला तर तिथंच ठिणगी पडायची. हे सगळं मला नंतर कळलं, ती त्याच्या बायकोला, एयितेमीला, सांगत होती तेव्हा. ती ओरडत पळाली. आधी चुकीच्या खड्ड्याकडे गेली. मग इकडे आली. ड्रायव्हरांनी दोर टाकून त्याला वर काढलं, तेव्हाही ती मूठ पोटाशी तशीच आवळलेली होती.

इस्पितळाच्या वाटेवर तो गेला.

डेपोत काहीच पेटलं नाही. त्यामुळे बाहेरच्या कुणाला काही कळलंही नाही. दुपारी वडे संपले.

अंत्यविधीला गल्लीत मांडव घातला होता. अक्पोबोमे साहेब काळ्या कपड्यांत आले. तोरित्सेची बायको एयितेमी समोर बसली होती. साहेब हळहळत म्हणाले, "छातीवर रेडिओ होता हो. एक हाक मारली असती तर वाचला असता. घाबरला, सुचलं नाही त्याला."

वेयिनमी उठली. तिनं पिशवीतून मला काढलं आणि एयितेमीच्या मांडीवर ठेवलं. "वहिनी, त्याला सुचलं होतं," म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

 एयितेमीनं उठून मला साहेबांसमोर धरलं.

"ओगा, एक हाक पुरली असती म्हणता ना? चला. त्या खड्ड्यात उतरा आणि यातून मला एक हाक मारा. मी वर उभी राहते."

 साहेबांनी हात पुढे केला नाही. ते उठले आणि मान खाली घालून गेले.

नवे सेट पुढच्याच आठवड्यात आले म्हणे. सगळे हिरव्या पट्टीचे.

मी आता एयितेमीच्या घरी, कपाटावर आहे. माझी बॅटरी वेयिनमीनं काढून नेली. तोरित्सेची म्हातारी आई अधूनमधून विचारते, "पोरानं का गं हाक मारली नाही?" एयितेमी पुन्हा पहिल्यापासून सांगते. म्हातारी ऐकते, मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

तेव्हा मला वाटतं, आपण सांगावं. त्या खड्ड्यात त्याच्याजवळ दुसरं कुणीच नव्हतं. आई, त्याला तुमची आठवण आली होती. त्याच्या ओठांतून 'आई' एवढंच निघालं होतं. ते मी ऐकलं, पण पोचवू शकलो नाही.