कुंडाच्या तळाचं हाड

टेकडीवरचं दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव ज्यूंचं होतं, हे खोदकामाचा प्रमुख एल्काना याला उद्या येणाऱ्या अभ्यासकांना पटवायचं होतं. पटलं तरच पुढच्या वर्षी खोदकाम चालू राहणार होतं. पुरावे चांगले होते: ज्यूंच्या नियमांनुसार कधीच न विटाळणारे चुनखडीच्या दगडाचे पेले, शुद्धीच्या स्नानासाठी खडकात कोरलेलं पायऱ्यांचं कुंड, आणि ज्यू धर्माला वर्ज्य असलेल्या डुकराचं एकही हाड नाही. हाडं तपासायचं काम माझं.

त्या सकाळी मी कुंडाच्या तळातून निघालेलं एक हाड त्याच्यापुढे ठेवलं.

"मेंढीचं असेल," तो म्हणाला.

"डुकराचं आहे. मांडीचं."

"मग रोमन सैनिकांनी टाकलं असेल."

"त्यांच्याकडे विजेची करवत होती?" मी भिंग त्याच्या हातात दिलं. कापलेल्या कडेवर समान अंतराच्या बारीक रेघा होत्या. "हे कुणाचं ते विचारायला लांब जावं लागणार नाही."

टेकडीखालच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामायिक शेती आणि एकत्र जेवण असलेल्या वसाहतीत, एल्काना लहानाचा मोठा झाला. तिथलं सामुदायिक स्वयंपाकघर वर्षानुवर्षं ब्रुरियाच्या ताब्यात होतं. आम्ही दोघं गेलो तेव्हा ती काकड्या चिरत बसली होती. हाड तिने उलटसुलट करून पाहिलं.

"आमचंच. सगळा कचरा वरच्या खड्ड्यात टाकायचो."

"तो खड्डा नाही, ब्रुरिया. शुद्धीचं कुंड आहे," एल्काना म्हणाला.

"मग त्यांनी तशी पाटी लावायची."

"उद्या लोक येतायत. डुकराचं नाव काढू नकोस."

"आम्ही तरी कुठे काढायचो? फळ्यावर 'पांढरं मांस' लिहायचो. शनिवारी तू दोनदा ताट घेऊन यायचास, आणि वर म्हणायचास, आजोबांना सांगू नकोस."

एल्कानाचे कान लाल झाले. मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं, "तुझ्या निकषाने खालच्या थरातले लोक ज्यू ठरतात. वरच्या थरातल्यांचं काय लिहू?"

"भुकेले, असं लिही," ब्रुरिया म्हणाली.

एल्काना दारापर्यंत गेला आणि परत आला. हाड त्याने खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासकांना पेल्यांच्याही आधी त्याने ते हाडच दाखवलं. करवतीच्या रेघा दाखवल्या, आणि शेवटी, थोडं अडखळत, दोन ताटांचीही कबुली दिली. कुंडाबद्दल मग कुणी शंका काढली नाही. पुढच्या वर्षीचं खोदकाम जेवणाआधीच मंजूर झालं. जाताना फक्त एक म्हातारे प्राध्यापक ब्रुरियापाशी रेंगाळले. शनिवारचं ते मांस हल्ली मिळतं का, एवढंच त्यांना हळूच विचारायचं होतं.